वाचकांचे प्रश्न : छोट्या रुळांतली वीज

गेल्या अंकात घरच्या घरी छोट्या मॉडेल रेल्वेचा लेआउट, म्हणजे रूळ-गाड्यांचा मांडलेला देखावा, उभारण्याविषयीचा लेख प्रसिद्ध झाला, त्यानंतर या सदराकडे आलेली बहुतेक पत्रे विदर्भातल्या लहान गावांतून आलेली आहेत. ते स्वाभाविकच आहे. मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळला आणि दुसरीकडे अचलपूरला जाणारी शकुंतला, किंवा पुलगाव ते आर्वी ही ३५ किलोमीटरची छोटी लाइन ज्यांनी लहानपणी पाहिली, त्यांना ती गाडी पुन्हा डोळ्यांसमोर धावावी असे वाटते. लाकूडकाम, रंगकाम, डोंगर, पूल हे सारे मंडळी हौसेने आणि सफाईने करतात. अडते ते विजेपाशी. म्हणून या वेळचे सदर केवळ वायरिंगच्या दोषांसाठी राखले आहे. पत्रे मोठी होती; त्यांतील मथितार्थ आधी देऊन मग उत्तर लिहीत आहे.

प्रश्न : मूर्तिजापूर तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक लिहितात : आठ फूट बाय चार फुटांच्या प्लायवर मी लंबगोल लाइन मांडली आहे. गाडीचा वेग कमी-जास्त करणारा कंट्रोलर १२ व्होल्ट डीसीचा असून त्याच्या दोन वायरी माझ्या बाजूच्या रुळांना जोडल्या आहेत. गाडी माझ्यासमोर उत्तम धावते, पण पलीकडे खिडकीच्या बाजूला गेली की मंदावते आणि कधी कधी थांबतेही. तेथे मल्टीमीटर लावला तर पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. मग गाडीला वीज का पुरत नाही?

उत्तर : गुरुजी, आपण अंदाज न बांधता मीटर लावून पाहिला, हे फार चांगले केले. मात्र रुळांवर गाडी नसताना घेतलेले माप या दोषाच्या बाबतीत फसवे ठरते. शेतातल्या ठिबकच्या नळीचे उदाहरण घ्या. सगळी तोंडे बंद असतील तर नळीच्या पहिल्या टोकाला जेवढा दाब, तेवढाच शेवटच्या टोकाला दिसतो, मग नळी मध्ये कुठे चेपलेली का असेना. तोंडे उघडली आणि पाणी वाहू लागले की मगच चेपलेल्या जागेच्या पुढे दाब पडलेला कळतो. विजेचेही तसेच आहे. मल्टीमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे खराब जोडातूनही त्याला पूर्ण व्होल्टेज मिळते. इंजिनाची मोटर करंट मागू लागली की तोच जोड व्होल्टेज खाऊन टाकतो.

म्हणून माप भार देऊन घ्यावे. मोटारसायकलच्या किंवा ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात १२ व्होल्ट, ५ वॉटचा पार्किंगचा बल्ब मिळतो. तो सुमारे ०.४ अँपिअर करंट घेतो, म्हणजे एखाद्या लहान इंजिनाएवढा. त्याला दोन वायरी डाखून टोकांना चिमटे लावा. इंजिन उचलून ठेवा, कंट्रोलर पूर्ण उघडा, बल्ब खिडकीकडच्या रुळांवर लावा आणि बल्ब पेटलेला असताना व्होल्टेज मोजा. मग तसेच कंट्रोलरच्या टोकांवर मोजा. कंट्रोलरपाशी १२ आणि खिडकीपाशी ९ आले, तर ३ व्होल्ट वाटेत गेले. ते तांब्याच्या वायरीत गेलेले नाहीत, कारण १ चौरस मिलिमीटर जाडीच्या १० मीटर तांब्याच्या वायरीचा रोध ०.२ ओहमपेक्षाही कमी असतो आणि एवढ्या करंटला तेथे ०.१ व्होल्टसुद्धा पडत नाही. ते जातात रूळ एकमेकांना जोडणाऱ्या पत्र्याच्या फिशप्लेटांमध्ये.

आता दोषी जोड नेमका शोधायचा. बल्ब पेटता ठेवून मीटर मिलिव्होल्टवर आणा आणि एकाच रुळाच्या एकाच जोडाच्या अलीकडे एक व पलीकडे एक अशा दोन सुया टेकवा. सुया फिशप्लेटवर नव्हे, तर रुळाच्या धातूवर टेकल्या पाहिजेत. चांगल्या जोडावर काही मोजके मिलिव्होल्ट दिसतील. खराब जोडावर आकडा एकदम शेकडा मिलिव्होल्टमध्ये किंवा सरळ व्होल्टमध्ये उडी घेईल. अशा जोडावर बोटाने हलकेच दाब दिला की बल्ब उजळतो आणि बोट उचलले की पुन्हा मंदावतो. हे दृश्य एकदा पाहिले की जोड म्हणजे काय ते पुस्तकाविना समजते.

येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. आपली लाइन लंबगोल आहे, म्हणजे खिडकीपर्यंत करंट दोन्ही बाजूंनी पोहोचू शकतो. तरीही तेथे व्होल्टेज पडत असेल, तर निदान एका रुळाच्या डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही वाटांवर दोष आहे. एक जोड सापडला म्हणून थांबू नका. पूर्ण फेरी मारा.

फिशप्लेटा चिमट्याने आवळल्या की गाडी काही दिवस सुधारते, पण आपल्याकडची धूळ, पावसाळ्याची दमट हवा आणि उन्हाळ्यात शेजारच्या कूलरमधून येणारा ओलावा यांमुळे त्यांत पुन्हा गंज धरतो. कायमचा उपाय असा की, वीज फिशप्लेटांच्या भरवशावर सोडायची नाही. घराच्या वायरिंगची १.५ चौरस मिलिमीटरची एक लाल आणि एक काळी वायर प्लायच्या खालून लाइनीच्या वाटेने न्यावी आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्यापासून बारीक वायरीचा हातभर नव्हे, वीतभर तुकडा खाली आणून त्या मुख्य वायरीला जोडावा. बाहेरचा रूळ लाल, आतला काळा, असे एकदा ठरवले की शेवटपर्यंत बदलू नये. प्रत्येक तुकडा जोडून झाल्यावर लाल-काळ्यामध्ये मीटरचा बझर वाजत नाही ना, हे पाहूनच पुढच्या तुकड्याला हात घालावा. हा शेवटचा नियम मी एका संध्याकाळी, वीज गेलेली असताना बॅटरीच्या उजेडात काम उरकण्याच्या घाईत, पाळला नाही. वीस तुकड्यांपैकी एक उलटा जोडला गेला आणि तो शोधण्यात पुढच्या दोन संध्याकाळी गेल्या.

डाख रुळाच्या बाहेरच्या अंगाला द्यावा. आतल्या बाजूला दिला तर चाकाची कड त्यावर आपटते. जागा बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा, राळेचे फ्लक्स लावा, दोन्ही बाजूंच्या स्लीपरांवर ओल्या फडक्याचे तुकडे ठेवा आणि चांगली तापलेली डाख देण्याची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) दोन-तीन सेकंदांत टेकवून उचला. इस्त्री थंड असेल तर ती जास्त वेळ धरावी लागते आणि प्लॅस्टिकचे स्लीपर वितळतात. भांड्यांना डाख देताना वापरतात ते तेजाब येथे कदापि वापरू नये, कारण ते वायरीच्या आत शिरते आणि वर्षभरात तांबे हिरवे पडून वायर तुटते.

प्रश्न : आर्वी तालुक्यातील नववीचा एक विद्यार्थी लिहितो : काका, माझी गाडी स्टेशनातून निघते, शेताला वळसा घालते आणि त्याच लाइनीवर परत येते, असा लेआउट मी केला. पण वळशाचा शेवटचा तुकडा जोडल्याबरोबर कंट्रोलरचा लाल दिवा लागतो आणि सगळे बंद पडते. वायर तर कुठेच चिकटलेली नाही. तुकडा काढला की पुन्हा ठीक होते.

उत्तर : तुझ्या वायरिंगमध्ये चूक नाही, रुळांच्या आकारातच शॉर्ट आहे. डवऱ्याची बैलजोडी आठव. धुऱ्याकडे जाताना डावा बैल उत्तरेच्या बाजूला असेल, तर वळून परत येताना तोच बैल दक्षिणेच्या बाजूला असतो. जोडीतली बाजू त्याने बदललेली नसते, पण शेतातली बाजू बदललेली असते. तुझ्या गाडीचा डावा रूळ हा तो डावा बैल आहे. लाल वायरीचा डावा रूळ वळसा घालून परत येतो, तेव्हा तो सांध्यापाशी, म्हणजे एका लाइनीतून दुसरी फुटते त्या जागी, काळ्या वायरीच्या उजव्या रुळाला जाऊन मिळतो. पटत नसेल तर वहीच्या पानावर दोन रंगांच्या पेन्सिलींनी दोन्ही रूळ काढ. लाल रेघ काळीला कुठे भिडते ते तुला स्वतःला सापडेल, आणि ते सापडण्यातला आनंद माझ्या सांगण्यात नाही.

नागपूर-वर्धा-बडनेरा मार्गावरच्या खऱ्या विजेच्या गाड्यांना हा प्रश्न येत नाही, कारण त्यांना वीज वरच्या एकाच तारेतून २५,००० व्होल्टने मिळते आणि परतीची वाट दोन्ही रूळ मिळून देतात. आपल्या लेआउटमध्ये मात्र एक रूळ येण्याचा आणि दुसरा जाण्याचा आहे.

उपाय असा. वळसा जेथे सुरू होतो आणि जेथे संपतो, त्या दोन्ही ठिकाणी दोन्ही रूळ तोडायचे, म्हणजे एकूण चार फटी, आणि तेथे पत्र्याऐवजी प्लॅस्टिकच्या जोडपट्ट्या घालायच्या. फटींमधली लांबी तुझ्या सर्वांत लांब गाडीपेक्षा जास्त हवी. नाहीतर गाडीची धातूची चाके दोन्ही टोकांच्या फटी एकाच वेळी जोडतील आणि शॉर्ट परत येईल. आता इलेक्ट्रिकच्या दुकानातून सहा टोकांचे दोन डीपीडीटी स्विच आण. प्रत्येकाच्या चार कोपऱ्यांतली टोके तिरकी एकमेकांना जोड, म्हणजे खटका पलटला की लाल-काळे आपोआप उलटतील. कंट्रोलरच्या वायरी दोन्ही स्विचांना दे. एका स्विचमधून मुख्य लाइन आणि दुसऱ्यातून वळसा, अशी वीज घे. गाडी वळशात शिरण्याआधी वळशाचा खटका मुख्य लाइनीशी जुळवून ठेव. गाडी पूर्ण आत आली, मागचा डबासुद्धा फट ओलांडून गेला, की मुख्य लाइनीचा खटका पलट. गाडी त्या वेळी मुख्य लाइनीवर नसल्याने तिला काहीच जाणवत नाही. ती न थांबता वळसा पुरा करून परत येते. कंट्रोलरवरचा उलट-सुलट करण्याचा खटका मात्र या काळात हलवायचा नाही, कारण त्याने दोन्ही भाग एकदमच उलटतात आणि वळशातली गाडी मागे फिरते.

बाबांना विचारल्याशिवाय कंट्रोलरचे झाकण उघडू नकोस. त्याच्या आत २३० व्होल्ट आहेत. रुळांवरच्या १२ व्होल्टचा आणि त्यांचा काही संबंध नाही.

प्रश्न : दर्यापूर तालुक्यातील एक शेतकरी वाचक लिहितात : लेआउट टिनाच्या छताच्या खोलीत आहे. सकाळी दहापर्यंत गाड्या व्यवस्थित चालतात. दुपारी एकच्या सुमारास सगळीकडे शॉर्ट दाखवतो आणि सूर्य कलला की आपोआप बरा होतो. हे मे महिन्यापासून सुरू झाले. कंट्रोलर तापून बिघडत असेल का?

उत्तर : कंट्रोलर निर्दोष आहे की नाही, हे पाहणे सोपे आहे : दुपारी दोष दिसत असताना त्याच्या रुळांकडे जाणाऱ्या दोन्ही वायरी सोडा. लाल दिवा विझला तर दोष रुळांकडे आहे. आपल्या पत्रातली वेळ वाचून माझा तर्क असा की, विभाग पाडण्यासाठी करवतीने रुळांत ठेवलेल्या फटींपैकी एखादी फट मिटत असावी. रुळांचा निकेल सिल्व्हर धातू तापला की लांबतो; दोन मीटरचा सलग रूळ २० अंशांनी तापला तर तो अर्ध्या मिलिमीटरहून अधिक वाढतो, आणि बारीक करवतीची फट तेवढीच असते. त्यात मेमधली कोरडी हवा खालचे लाकूड आकसवते. खाली लाकूड आखडते, वर रूळ वाढतो आणि फट मिटते.

अशा वेळी सगळा लेआउट उकलून बसण्याची गरज नाही. १२ व्होल्ट, २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब कंट्रोलर आणि रूळ यांच्यामध्ये एका वायरीत घाला. शॉर्ट असला तरी हा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट रोखून धरतो आणि स्वतः लख्ख पेटून दोष सांगतो. आपला कंट्रोलर २ अँपिअरचा असेल तर तो आरामात काम करीत राहतो. सगळी इंजिने आणि दिव्यांचे डबे उचलून ठेवा, कारण त्यांच्यातूनही करंट जातो. मग निम्म्या विभागांच्या वायरी सोडा. बल्ब पेटताच राहिला तर दोष उरलेल्या निम्म्यात. विझला तर सोडलेल्या निम्म्यात. जेथे दोष आहे त्याचे पुन्हा निम्मे करा. आठ विभाग असले तरी तीन खेपांत आपण नेमक्या विभागावर येता. हे दुपारीच करायचे आहे; संध्याकाळी तपासले तर काहीच सापडणार नाही आणि आपण विनाकारण वायरी बदलत बसाल.

मिटलेली फट सापडली की ती करवतीने पुन्हा मोकळी करा आणि जुन्या एटीएम कार्डाच्या प्लॅस्टिकचा तुकडा फेव्हिक्विकने तीत बसवून रुळाच्या आकारात कानशीने घासा. फट मिटलेली नसेल, तर त्या विभागात भांडी घासायच्या तारेच्या घासणीचे तंतू शोधा. रूळ उजळायला अनेक जण ती वापरतात. तिचे केसाएवढे तुकडे मोटरच्या चुंबकाला आणि रुळांच्या फटींना चिकटून बसतात.

प्रश्न : झरी-जामणी तालुक्यातून : आमच्याकडे संध्याकाळी १७० व्होल्ट असतात आणि रात्री अकरानंतर २५०. गाडी कधी रांगते, कधी उधळते.

उत्तर : लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा साधा कंट्रोलर आत येईल त्या प्रमाणातच बाहेर देतो, २३० चे १७० झाले की १२ चे ९ च्या खाली येतात. त्याऐवजी, ज्यावर १०० ते २४० व्होल्ट छापलेले आहे असा १२ व्होल्टचा चांगल्या प्रतीचा अॅडाप्टर घ्या आणि त्यापुढे डीसीवर चालणारा कंट्रोलर लावा; संध्याकाळचे १७० व्होल्ट त्याला चालतात. रात्रीचे २५० व्होल्टही चांगल्या प्रतीच्या अॅडाप्टरला सहसा चालतात, कारण छापलेल्या आकड्याच्या वर साधारण दहा टक्क्यांची सूट त्यात धरलेली असते. घरातले दिवे एका खोलीत भगभगीत आणि दुसऱ्या खोलीत मंद होत असतील, तर ती न्यूट्रल सुटल्याची खूण आहे. तेव्हा मेन स्विच बंद करून लाइनमनला बोलवा, लेआउटचा विचार नंतर. लेआउटच्या प्लगच्या मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) असावाच, आणि मृगाच्या सरींत आभाळ गडगडू लागले की प्लग हाताने काढून ठेवावा.

प्रश्न : पुसद तालुक्यातील एक वाचक भगिनी लिहितात : मी नॅरोगेजचा लेआउट करते आहे. लहान इंजिन प्रत्येक सांध्यावर येऊन थांबते, बोटाने ढकलले की पुढे जाते. मोठे इंजिन मात्र थांबत नाही. रूळ स्वच्छ आहेत.

उत्तर : ताई, मोठे इंजिन थांबत नाही, या एका वाक्यात निम्मे निदान आपणच केले आहे. शकुंतलेच्या दोन रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर आहे. १:८७ प्रमाणात ते पावणेनऊ मिलिमीटर होते, म्हणून आपण ९ मिलिमीटरचे रूळ वापरता आणि त्यावरची इंजिने चार-पाच बोटे लांबीची असतात. सांध्यात जेथे दोन रूळ एकमेकांना छेदतात, त्या टोकदार भागाला फ्रॉग म्हणतात. मोठ्या इंजिनाची पुढची चाके फ्रॉगवर असताना मागची चाके वीज घेत असतात. लहान इंजिनाची सगळी चाके त्याच विजेविना जागेत सापडतात.

आपल्या सांध्याचा फ्रॉग प्लॅस्टिकचा आहे की धातूचा, ते आधी पाहा. प्लॅस्टिकचा असेल, तर सांधा बदलण्याऐवजी इंजिनामागच्या डब्याच्या चाकांतूनही वीज घेऊन ती दोन बारीक, लवचीक वायरींनी इंजिनाला द्यावी. बाहेरून ते दिसतही नाही. फ्रॉग धातूचा असेल, तर सांधा एका बाजूला वळवून फ्रॉग आणि समोरचा रूळ यांमध्ये, मघाचा ५ वॉटचा बल्ब लावून, व्होल्टेज मोजा. मग सांधा दुसऱ्या बाजूला वळवून त्या बाजूचा समोरचा रूळ धरून पुन्हा मोजा. दोन्ही वेळा पूर्ण व्होल्टेज यायला हवे. येत नसेल, तर फ्रॉगला वीज केवळ सांध्याची पाती रुळाला टेकण्यातून मिळते आहे आणि त्या टेकण्याच्या जागी धूळ किंवा रंग बसला आहे. पाती पुसल्याने महिनाभर भागेल. सांध्याच्या दांड्याला लागून एक मायक्रोस्विच बसवा, त्याचे मधले टोक फ्रॉगला आणि बाकीची दोन टोके दोन्ही बाजूंच्या रुळांना जोडा, म्हणजे पातीवर विसंबावे लागणार नाही. जोडल्याबरोबर शॉर्ट दाखवला तर घाबरू नका. कडेच्या दोन वायरींची फक्त अदलाबदल करा.

रूळ स्वच्छ असल्याचे आपण लिहिले आहे, पण चाकेही पाहावीत. आपल्या भागात वेचणीच्या दिवसांत घरात कापूस साठवलेला असतो आणि त्याचे तंतू हवेत तरंगत असतात. इंजिन उलटे करून उजेडात धरा. आसाभोवती करड्या रंगाची बारीक वळी दिसली, तर ती तेल आणि कापसाची आहे. ती टोकदार चिमट्याने ओढून काढा, चाके मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने सुती फडक्याने पुसा आणि वाळू द्या. कापसाचा बोळा वापरू नका, त्याचेच तंतू पुन्हा अडकतात. तेल सुईच्या टोकावर मावेल एवढेच द्यावे.

एवढे करूनही इंजिन थांबत असेल, तर सांधा दोन्ही बाजूंना वळवून घेतलेली दोन मापे आणि फ्रॉगचा प्रकार पत्रात कळवावा; त्यावरून पुढचे सांगता येईल.